"क्षमा केली" असं म्हणून झालंय, पण आत काहीच हललेलं नाही

सांजवेळ

धागा काढू की नको यात दोन आठवडे गेले. शेवटी टोपणनावाच्या आडोशाने लिहितेय.

आमच्या प्रार्थना गटात आम्ही सहा जणी. त्यातल्या एकीशी माझी अकरा वर्षांची मैत्री. मागच्या वर्षी आमच्या घरात एक फार खाजगी गोष्ट घडली. ती मी फक्त तिला सांगितली, रात्री फोनवर, रडत रडत. पुढच्या रविवारी मंडळीतल्या एका वयस्कर बाईंनी मला दारातच थांबवलं, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "आम्ही सगळे तुमच्यासाठी प्रार्थना करतोय हं." सगळे! चौकशी केल्यावर कळलं की मैत्रिणीने दुसऱ्या एका गटात तो 'प्रार्थनेचा विषय' म्हणून मांडला होता. नावासकट आणि तपशिलासकट.

तिला विचारलं तर म्हणाली, "अगं, प्रेमापोटीच केलं मी." झालं. पाळकसाहेबांनी दोघींना समोरासमोर बसवलं, बायबलमधला मत्तय १८ हा क्षमेचा अध्याय वाचला, मी "क्षमा केली" म्हटलं, तिने मला मिठी मारली, प्रार्थना झाली. वीस मिनिटांत कार्यक्रम आटोपला.

त्याला आता पाच महिने झाले. तिचा आवाज कानावर आला तरी पोटात गोळा येतो. प्रभूची प्रार्थना म्हणताना 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस सोडले' या ओळीतल्या 'जसे आम्ही' इथवर आले की आवाजच बंद होतो, नुसते ओठ हलतात. गेल्या दोन वेळा मी प्रभुभोजन (उपासनेत येशूच्या आठवणीसाठी वाटली जाणारी भाकर) घेतलेलं नाही. तबक आलं तसं पुढे दिलं.

तोंडाने म्हटलेली क्षमा धरायची का? आणि आत असं खदखदत असताना प्रभुभोजन घ्यावं का? वचनांचा मारा करू नका प्लीज, वचनं मला पाठ आहेत. तुम्ही स्वतः काय केलंत ते सांगा.

तिरकस

मी देव न मानणारा, पण धागा वाचून राहवलं नाही. तिने माफी मागितलेलीच नाही. मग तुम्ही माफ नक्की काय केलंत? समोरचा कर्ज मान्यच करत नाहीये आणि तुम्ही 'पूर्ण फेड झाली' अशी पावती फाडून मोकळ्या!

मोहरीचा_दाणा

@तिरकस, गंमत म्हणून लिहिलंत, पण नेमक्या शब्दावर बोट ठेवलंत. मत्तयात प्रभूच्या प्रार्थनेत 'ऋण' हाच शब्द आहे. लूकमध्ये तिथे 'पापे' येतं, पण पुढच्याच ओळीत 'आमच्या ऋणी असलेल्या प्रत्येकाला' असं आहेच. आणि क्षमेसाठी मूळ ग्रीकमध्ये जे क्रियापद येतं, आफिएमी, त्याचा साधा अर्थ 'सोडणे'. येशूचा शिष्य पेत्र याने त्याच्यामागे जाताना समुद्रकाठी जाळी सोडली (मत्तय ४:२०) तिथेही हेच क्रियापद आहे. पुढे हाच पेत्र विचारतो, "किती वेळा सोडायचं? सात वेळा?" (येशूचं उत्तर: सात गुणिले सत्तर वेळा.) जाळी एका फटक्यात सोडणारा माणूस इथे मात्र बोटं मोजत बसलाय. मला तो फार आवडतो त्या प्रसंगात.

सांजवेळताई, वचनांचा मारा नको म्हणालात आणि मी तेच केलं. सॉरी. सवय.

रोखठोक

मला सरळ वाटतं ते लिहितो. मत्तय १८ मधला दाखला आठवा: राजाने चाकराचं दहा हजार तलांतांचं कर्ज सोडलं, त्याला मात्र सोबत्याचे शंभर दिनार सोडवेनात. प्रभूने आपलं दहा हजार तलांतांचं कर्ज सोडलं, तुमचं शंभर दिनारांचं. एवढ्याशा गोष्टीसाठी प्रभुभोजन सोडणं म्हणजे अहंकार. गुडघ्यावर जा, मोकळ्या व्हा.

मोहरीचा_दाणा

@रोखठोक, थोडं थांबा हो. शंभर दिनार 'एवढेसे' कुठे आहेत? मत्तय २० मधल्या द्राक्षमळ्याच्या दाखल्यात एक दिनार म्हणजे मजुराची दिवसभराची मजुरी. शंभर दिनार म्हणजे शंभर दिवसांची मजुरी, वर्षातले तीन-साडेतीन महिने. हातावर पोट असलेल्याचं घर बसेल त्यात. एक तलांत म्हणजे साधारण ६,००० दिनार. तेव्हा राजाने सोडलेली रक्कम ६ कोटी दिनारांच्या घरात जाते, वर्षाला ३०० दिवस राबलं तरी दोन लाख वर्षांची मजुरी. कुणाच्या सात पिढ्यांनाही न फिटणारी.

येशूला 'तुझं दुखणं क्षुल्लक आहे' म्हणायचं असतं तर त्याने दोन दिनार म्हटलं असतं. त्याने झोंबेल अशीच रक्कम धरलीय. आपल्याकडचे उपदेश बहुतेक वेळा हे गाळतात आणि दुखावलेल्या माणसालाच कानकोंडं करतात.

तिरकस

हे गणित आवडलं. वाचतोय.

जुनी_वही

सांजवेळ, बाळ, मी ३८ वर्षं संडे स्कूलमध्ये शिकवलं. आता गुडघे शिकवू देत नाहीत.

आधी प्रभुभोजनाचं. "वेदीपाशी तुझं अर्पण ठेव आणि आधी भावाशी समेट कर" हे वचन तुला कुणीतरी ऐकवलं असणार. मत्तय ५:२३ नीट वाच. 'तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे' असं आहे तिथे. म्हणजे ज्याच्या हातून चूक झालीय त्याने अर्पण ठेवून उठायचं. या हिशेबाने जागेवरून उठायला हवं होतं ते तुझ्या मैत्रिणीने, आणि दोन वेळा तबक पुढे सारलंस तू! तुझ्यासारखीसाठी वचन आहे मार्क ११:२५: प्रार्थनेला उभे राहाल तेव्हा कुणाविरुद्ध मनात काही असेल तर क्षमा करा. तिथे कुठे जायला सांगितलेलं नाही, समोरच्याने काय करावं याचीही अट नाही. उभी आहेस तिथेच, तू आणि देव.

प्रेषित पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पत्रात 'अयोग्य प्रकारे' भाकर खाण्याबद्दल जे आहे, तेही रागावलेल्या बाईबद्दल नाही. तिथले खातेपिते लोक गरिबांची वाट न पाहता आधीच जेवून घेत होते आणि गरीब उपाशी राहत होते, त्यावर पौल चिडलाय. भाकर घे तू. जिला भूक आहे तिच्यासाठीच असते ती.

दुसरं म्हणजे मी काय केलं ते. माझ्या सख्ख्या भावजयीला माफ करायला मला नऊ वर्षं लागली. त्यातली पहिली सहा फुकट गेली, कारण मी स्वतःला "काही झालंच नाही" असं सांगत होते. न झालेली गोष्ट सोडणार कशी?

कन्फेशनबॉक्स

आमच्या कॅथलिक पद्धतीत पापनिवेदन असतं. मी एकदा "मला अमक्याचा राग आहे" एवढंच सांगून उरकत होतो. फादरनी जाळीपलीकडून विचारलं, "राग कशाचा? त्याने काय घेतलं तुझं?" मला उत्तर येईना. पाय सुन्न होईपर्यंत तिथे गुडघ्यावर होतो. तो प्रश्न आजही डोक्यात आहे.

पायवाट

मी इथे फारशी लिहीत नाही. पण हा विषय निघाला की माझ्या अंगावर काटा येतो, म्हणून लिहितेय.

माझा नवरा मारायचा. मंडळीतल्या वडीलजनांकडे गेले की दर वेळी 'सात गुणिले सत्तर' ऐकून परत यायचे. तो रडून माफी मागायचा, मी क्षमा करायची, पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. चौथ्या वेळी मी मुलीला घेऊन बाहेर पडले. नवीन खोली घेतली, दाराला नवीन कुलूप लावलं. त्या कुलपाची किल्ली पहिल्यांदा फिरवली तेव्हाचा 'खट्' आवाज मला अजून आठवतो. त्या रात्री मी सलग सात तास झोपले.

क्षमा त्यानंतर तीन वर्षांनी आली. कुलूप होतं म्हणून येऊ शकली. मार खात असताना जी करत होते ती भीती होती, तिला आम्ही सगळे मिळून क्षमा म्हणत होतो.

पौलानेच तीमथ्याला लिहिलंय की आलेक्सांद्र तांबटाने माझं फार वाईट केलं, प्रभू त्याची फेड करील, आणि पुढच्याच वाक्यात लिहिलंय की तूही त्याच्यापासून जपून राहा. सूड देवावर सोपवला आणि दुसऱ्याला सावधही केलं. रोमकरांस १२:१८ मध्येही 'शक्य असल्यास' आणि 'तुमच्याकडून होईल तितकं' अशा दोन सवलती आहेत. दोन्ही मला कुणीच दाखवल्या नाहीत, स्वतः शोधाव्या लागल्या.

सांजवेळ

@पायवाट, तुमची पोस्ट तीनदा वाचली. काय लिहू कळत नाहीये. थँक यू.

@जुनी_वही मावशी, मत्तय ५ मी शंभर वेळा वाचलंय आणि शंभर वेळा उलटं वाचलंय!!

कायद्याचं_बोला

पायवाट यांना पूर्ण पाठिंबा. एक भर घालतो, कारण 'ख्रिस्ती असून तक्रार कशी करता?' हे आम्हा वकील मंडळींना सारखं ऐकावं लागतं. ग्लॅडिस स्टेन्स यांचं उदाहरण आठवा. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातल्या मनोहरपूरला त्यांचे पती ग्रॅहॅम आणि फिलिप व टिमथी ही १० आणि ६ वर्षांची मुलं गाडीत झोपलेली असताना जिवंत जाळली गेली. बाईंनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीर सांगितलं. म्हणून खटला थांबला का? नाही. तो चालला, शिक्षा झाली. पोप जॉन पॉल दुसरे यांच्यावर १३ मे १९८१ ला गोळ्या झाडणाऱ्या आगजाला ते १९८३ च्या डिसेंबरात तुरुंगात जाऊन भेटले, त्याच्याशेजारी बसून बोलले. तो इटलीच्या तुरुंगातून सुटला २००० साली. वैयक्तिक ऋण सोडणं माझ्या हातात आहे, न्यायालयाचं काम सोडणं माझ्या हातात नाही.

रोखठोक

पायवाटताई, माझ्या वरच्या पोस्टचा सूर चुकला. तुमच्यासारखं काही माझ्या डोळ्यांसमोर नव्हतं. पण सांजवेळ यांच्या बाबतीत मी अजूनही म्हणतो की राग कुरवाळत बसू नये. इफिसकरांस ४:२६, सूर्य मावळण्याआधी राग सोडा.

जुनी_वही

@रोखठोक, त्याच वचनाची सुरुवात 'रागवा, पण पाप करू नका' अशी आहे रे बाबा. आणि १०९ वं स्तोत्र उघडून बघ, देवासमोर लोक काय काय बोललेत. ते शब्द पवित्र शास्त्रातून कुणी काढून टाकलेले नाहीत. देवाला ऐकवलं की माणसाच्या अंगावर फेकायचं राहून जातं, असा माझा अनुभव आहे.

उशिराचा_पाहुणा

सगळे दुखावलेल्यांच्या बाजूने लिहितायत, ते बरोबरच आहे. मी दुसऱ्या बाजूचा. मी दुखावणारा.

मी एका मंडळीचा खजिनदार होतो. धंद्यात अडचण आली, मंडळीचे पैसे 'तात्पुरते' वापरले. पकडला गेलो तेव्हा मीही हेच म्हणालो होतो: "हेतू वाईट नव्हता." सांजवेळताई, तुमच्या मैत्रिणीचं 'प्रेमापोटी' वाचलं आणि मला माझाच आवाज ऐकू आला.

बहुतेकांनी लगेच क्षमा केली. पाठीवर थाप, "जाऊ दे, सैतानाने मोहात पाडलं." खरं सांगतो, ती क्षमा माझ्या अंगाला लागली नाही. मी घरी जाऊन शांत झोपलो आणि मनात म्हटलं, चला, फार काही झालेलं दिसत नाही.

एक म्हातारे गृहस्थ मात्र वही घेऊन घरी आले. माझ्यासमोर बसून त्यांनी एकेक रक्कम मोठ्याने वाचली. ही विधवा निधीची. ही मुलांच्या शिबिराची, शिबिर रद्द झालं, बावीस मुलं होती. प्रत्येक रकमेनंतर माझ्याकडे बघत थांबायचे. शेवटच्या ओळीपर्यंत मी घामाने भिजलो होतो. मग वही मिटून म्हणाले, "हे सगळं तू केलंस. आणि हे सगळं मी तुला सोडलं. मंडळीचे पैसे तू फेडशीलच, मी माझ्या मनातलं म्हणतोय. आणि तिजोरीची किल्ली तुला आता कधीच मिळणार नाही."

क्षमा मला त्या दिवशी मिळाली. बायबलमधल्या जक्कय या जकातदाराने लुबाडलेलं चौपट परत देईन म्हटलं होतं, माझ्याने एकपट फेडायलाच सहा वर्षं लागली. किल्ली खरंच परत मिळाली नाही. मीही मागितली नाही.

तिरकस

बाप रे.

कन्फेशनबॉक्स

हा प्रतिसाद मी सेव्ह करून ठेवतोय.

मोहरीचा_दाणा

लूक १७:३ नेमकं हेच आहे: भावाने अपराध केला तर आधी त्याला दोष दाखव, पश्चात्ताप केला तर क्षमा कर. हे ऐकून प्रेषित काय म्हणाले ते पुढच्या दोन ओळींत आहे: "आमचा विश्वास वाढव." मेलेली माणसं उठलेली पाहिली तेव्हाही असं म्हणाले नव्हते, क्षमेचं ऐकल्यावर म्हणाले! माझं टोपणनाव तिथलंच आहे, पुढच्याच वचनात मोहरीचा दाणा येतो.

मग मार्कमधली बिनअट क्षमा आणि लूकमधली पश्चात्तापानंतरची क्षमा यांचा मेळ कसा घालायचा? मी असा घालतो, कुणाला पटलं तर बघा. सोडणं माझ्या बाजूने आजही होऊ शकतं, ती बदलो न बदलो. समेटाला मात्र दोघं लागतात. भावांनीच विकून टाकलेला योसेफ बघा. पुढे ते भाऊ समोर येताच गळ्यात पडला नाही. ओळख लपवली, बोलताना दुभाषी मध्ये ठेवला, प्याला लपवून परीक्षा घेतली, आत जाऊन रडून तोंड धुऊन बाहेर आला. बन्यामिनाऐवजी मला ठेवा असं यहूदा म्हणाला, तेव्हा बांध फुटला. पाच महिने काहीच नाहीत हो त्या मानाने.

तिरकस

माझा मूळ प्रश्न अजून अर्धा शिल्लक आहे. सोडून दिल्यावरही पोटात गोळा येतोच ना? मग सोडलं कुठे?

मोहरीचा_दाणा

यावर कोरी टेन बूम यांची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. डच बाई, ज्यूंना घरात लपवल्याबद्दल राफेन्सब्रुकच्या नाझी छळछावणीत टाकलेल्या. बहीण बेट्सी तिथेच १९४४ च्या डिसेंबरात गेली. १९४७ मध्ये म्युनिकला क्षमेवर बोलून झाल्यावर त्याच छावणीतला एक पहारेकरी हात पुढे करून समोर उभा राहिला. त्यांचा हात उठेना. मनात काही नसताना, केवळ देवाकडे मागून, त्यांनी तो यंत्रासारखा उचलला. इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात. पण पुढे एकदा त्यांच्या ओळखीच्याच ख्रिस्ती लोकांनी त्यांना दुखावलं, तेव्हा माफ करूनही त्यांची झोप उडाली होती! एका पाळकाने त्यांना चर्चच्या घंटेची उपमा दिली: दोरी सोडल्यावरही घंटा काही वेळ वाजत राहते, फक्त टोले विरत जातात.

छावणीतल्या पहारेकऱ्यापेक्षा आपली माणसं जड गेली. मला यात सांजवेळताईंचंच उत्तर दिसतं.

प्रशासक

पंथावरून शेरेबाजी असलेला एक प्रतिसाद काढला आहे. बाकी चर्चा उत्तम चालू आहे, तशीच राहू द्या.

सांजवेळ

चार दिवस गप्प होते, कारण वही करत होते. उशिराचा_पाहुणा, तुमच्या त्या म्हाताऱ्या गृहस्थांसारखी. कन्फेशनबॉक्स यांच्या फादरचा प्रश्न वर लिहिला: 'तिने काय घेतलं माझं?'

पहिल्या ओळी भराभर आल्या. गुपित सांगितलं. नाव सांगितलं. माझ्या नवऱ्याकडे लोक कसे बघायला लागले. मग बराच वेळ पेन नुसतं हातात. आणि मग लिहिलं गेलं: 'त्या रात्रीनंतर मी कुणासमोरही रडलेले नाही.' हे मला माहीतच नव्हतं. पाच महिने मला वाटत होतं की मी गुपितावरून रागावलेय. तिने माझी रडायची जागा नेली. ती एकच होती.

पाळकसाहेबांच्या त्या वीस मिनिटांत मी काय क्षमा केलं होतं? यादीतलं एकही नाही, कारण यादीच नव्हती.

काल प्रार्थनेला उभी राहिले आणि एकेक ओळ मोठ्याने वाचून 'सोडलं' म्हटलं. रडायच्या जागेवर दोनदा अडले. तिसऱ्यांदा म्हटलं. मनात काही उजळलं वगैरे नाही, सांगून ठेवते.

पायवाट

नाही उजळत. पण म्हणून झालं ना, ते म्हणून झालं.

तिरकस

आणि उद्या पुन्हा राग आला तर?

जुनी_वही

तर पुन्हा. सात गुणिले सत्तर हे सगळं नव्या अपराधांसाठीच आहे असं मी तरुणपणी समजायचे. माझ्या भावजयीने एकदाच केलं, मला मात्र शेकडो वेळा सोडावं लागलं. काही भाषांतरांत तो आकडा सत्याहत्तर असाही आहे. उत्पत्तीत काइनाचा वंशज लामेख 'माझा सूड सत्याहत्तर पट' अशी फुशारकी मारतो, तो आकडा येशूने उलटा फिरवलाय, असं मुलांना शिकवताना मी फळ्यावर दोन्ही शेजारी शेजारी लिहायचे.

तिरकस

म्हणजे तुमच्या हिशेबाने कोटा ४९०. सांजवेळ, मोजत राहा, मी इथे आहे.

सांजवेळ

@तिरकस 😄 मोजतेय. काल रात्री अठरावी वेळ. ४७२ शिल्लक.

सांजवेळ

आठवड्याने अपडेट. काल प्रभुभोजन होतं. ती माझ्या ओळीत, मध्ये एक खुर्ची रिकामी. तबक तिच्या हातून माझ्याकडे यायचं होतं. रिकाम्या खुर्चीमुळे तिला पूर्ण वाकावं लागलं, तबक तिरकं झालं, भाकरीचे दोन तुकडे माझ्या मांडीवर पडले. दोघींनी एकदमच हात पुढे केला. मी एक उचलला, खाल्ला. दुसरा तिने.

बाहेर आल्यावर मी तिला म्हटलं, "मला तुला एक कागद वाचून दाखवायचाय. मध्ये बोलायचं नाही." तिचा चेहरा उतरला. म्हणाली, "कधी?"

गुरुवारी संध्याकाळी, माझ्या घरी. प्रार्थना गटात परत जाणार का, तिला पुन्हा कधी काही सांगेन का, हे अजिबात माहीत नाही. @उशिराचा_पाहुणा, कागद वाचताना मी तिच्याकडे बघू की कागदाकडे?

उशिराचा_पाहुणा

तिच्याकडे. आणि रुमाल दोन ठेवा.